कार्बनचा कर गेला, पेन्शनमधली ओळ राहिली: ऑस्ट्रेलियातल्या ज्येष्ठांसाठी एनर्जी सप्लिमेंटची पूर्ण माहिती

शेजारच्या काकू एका संध्याकाळी सेंटरलिंकचं (पेन्शन आणि भत्ते देणाऱ्या इथल्या सरकारी खात्याचं) पत्र घेऊन घरी आल्या. उलगडून-उलगडून पत्राच्या घड्या मऊ पडल्या होत्या आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. "अगं, मूळ पेन्शन कळली, पेन्शन सप्लिमेंटही कळलं. पण हे एनर्जी सप्लिमेंट, चौदा डॉलर दहा सेंट, कसलं गं? मी तर कधी अर्ज केला नाही. चुकून आलं असेल तर उद्या परत मागतील ना?"

परत कोणी मागणार नाही, ते त्यांच्या हक्काचं आहे. पण हा प्रश्न मला इथल्या मराठी आजी-आजोबांकडून वरचेवर ऐकू येतो, आणि त्यांच्या मुलांनाही उत्तर माहीत नसतं. ही रक्कम का मिळते, आपोआप काय मिळतं आणि मागून काय घ्यावं लागतं, गावी गेल्यावर काय थांबतं, हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

ही ओळ आली कुठून

10 जुलै 2011 रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी कार्बनवर किंमत लावण्याची योजना जाहीर केली. 1 जुलै 2012 पासून ती लागू झाली. कोळशावर वीज करणाऱ्या कंपन्या, मोठे कारखाने अशा मोठ्या प्रदूषकांनी हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे 23 डॉलर भरायचे, दुसऱ्या वर्षी 24.15 डॉलर. पैसे भरणार कंपन्या, पण त्या ते वीजबिलातून वसूल करणार हे उघड होतं. सरकारचाच अंदाज असा होता की सरासरी कुटुंबाचा खर्च आठवड्याला 9.90 डॉलरने वाढेल. म्हणून सरासरी 10.10 डॉलरची मदत त्याच योजनेत बांधून दिली.

यात पेन्शनवाल्यांचा विचार सगळ्यात आधी झाला. नोकरदाराला करसवलत देता येते (त्याच वेळी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा 6,000 वरून 18,200 डॉलर झाली), पण जो मुळात करच भरत नाही त्याला त्याचा काय उपयोग? शिवाय घरात दिवसभर बसणाऱ्या सत्तरीच्या माणसाला हिवाळ्यात हीटर लागतोच. त्यामुळे पेन्शनवाल्यांना थेट रोख द्यायचं ठरलं, आणि तेही महागाईच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त. कार्बनमुळे महागाई 0.7 टक्क्यांनी वाढेल असं धरलं होतं. मदत मात्र कमाल पेन्शनच्या 1.7 टक्के ठेवली.

पहिला हप्ता तर किंमत लागू होण्याच्या आधीच, मे-जून 2012 मध्ये खात्यात जमा झाला: एकट्या व्यक्तीला 250 डॉलर, जोडप्याला दोघांचे मिळून 380. मार्च 2013 पासून तीच मदत क्लीन एनर्जी सप्लिमेंट म्हणून नियमित पेन्शनबरोबर येऊ लागली.

मला या रचनेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सरकारने वीज स्वस्त केली नाही, पैसे हातात दिले. आजीने खिडक्यांना जाड पडदे लावून वीज वाचवली तर बिल कमी होतं आणि मदत तेवढीच राहते. वाचवलेला पैसा तिचाच. आपल्याकडे भारतात 2010 पासून कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर होता, तो 2016 पर्यंत 400 रुपयांवर गेला. पण त्यापोटी निवृत्तांच्या हातात थेट काही पडलं नाही. हा फरक लहान नाही.

पुढे सरकार बदललं. 17 जुलै 2014 रोजी सिनेटने कार्बनची किंमत रद्द केली आणि ती 1 जुलैपासूनच रद्द धरली गेली. ज्येष्ठांची मदत मात्र काढली नाही. नाव नुसतं एनर्जी सप्लिमेंट झालं आणि सप्टेंबर 2014 मध्ये रक्कम गोठवली. काकूंच्या पत्रातली ओळ ती हीच.

पायरी 1: तुमची रक्कम किती, ते ताडून पाहा

एज पेन्शन, म्हणजे वयानुसार मिळणारी सरकारी पेन्शन, घेणाऱ्यांसाठी कमाल आकडे असे:

एकट्या व्यक्तीला पंधरवड्याला 14.10 डॉलर, म्हणजे वर्षाला 366.60.
जोडप्यातल्या प्रत्येकाला पंधरवड्याला 10.60 डॉलर, म्हणजे वर्षाला प्रत्येकी 275.60.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. बाबा 68 चे, आई 62 ची, पेन्शन फक्त बाबांना. मग बाबांना 14.10 मिळायला हवेत असं वाटतं. तसं नाही. जोडीदाराला पेन्शन नसली तरी दर जोडप्याचाच लागतो, म्हणून 10.60. उलट दोघांपैकी एकाला आजारपणामुळे कायमचं नर्सिंग होममध्ये राहावं लागलं तर आजाराने वेगळं राहणारं जोडपं म्हणून दोघांनाही एकट्याचा दर मिळू शकतो. हे सेंटरलिंकला आपणहून कळवायला हवं. अशा वेळी घरच्यांचं मन ठिकाणावर नसतं आणि हेच राहून जातं.

पत्र सापडत नसेल तर मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून सेंटरलिंकचं खातं उघडून पेमेंटचा तपशील पाहा. 20 मार्च 2025 च्या दराने एकट्या व्यक्तीची कमाल पेन्शन अशी होती: मूळ दर 1,051.30, पेन्शन सप्लिमेंट 83.60, एनर्जी सप्लिमेंट 14.10, एकूण 1,149 डॉलर. जोडप्यातल्या प्रत्येकाला 866.10. दर 20 मार्चला आणि 20 सप्टेंबरला पहिले दोन आकडे महागाईप्रमाणे बदलतात. तिसरा 2014 पासून हललेला नाही. म्हणजे जी मदत पेन्शनच्या 1.7 टक्के म्हणून सुरू झाली, ती आज जेमतेम 1.2 टक्के उरली आहे. दर सहा महिन्यांनी "पेन्शन वाढली" अशी बातमी येते आणि ही ओळ मात्र तशीच राहते, याचं मला वाईट वाटतं. विजेचे दर काही 2014 चे राहिलेले नाहीत.

पायरी 2: अर्ज कशाचा करायचा आणि कशाचा नाही

एनर्जी सप्लिमेंटसाठी वेगळा अर्ज नसतो. एज पेन्शन मंजूर झाली की ते सोबत येतं. त्यामुळे "एनर्जी सप्लिमेंट मिळवण्यासाठी इथे दाबा" असा संदेश फोनवर आला तर तो उघडूही नका. बँकेचा तपशील विचारणारी असली लिंक फसवणुकीची असते. "फॉर्म भरून देतो, अमुक डॉलर द्या" म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका. या फॉर्मची फी नाही आणि असा फॉर्मही नाही.

खरी मेहनत लागते ती पेन्शनसाठी. वय 67 पूर्ण हवं. ऑस्ट्रेलियात एकूण किमान 10 वर्षांचं वास्तव्य हवं, त्यातली किमान 5 वर्षं सलग. व्हिजिटर व्हिसावर किंवा तात्पुरत्या पेरेंट व्हिसावर काढलेली वर्षं यात धरत नाहीत. कायम वास्तव्याचा हक्क मिळाल्यापासून मोजायला लागा. भारताशी ऑस्ट्रेलियाचा सामाजिक सुरक्षेचा करार 2016 पासून लागू आहे, त्यामुळे दहा वर्षं कमी पडत असतील तर पुण्या-नाशिकच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येतात का, हे सेंटरलिंकला विचारा. आणि दोन-तीन महिने गावी जाऊन आलं म्हणजे वास्तव्य तुटलं असंही नाही. घर-संसार इथे आहे की नाही, हे पाहतात.

अर्ज पात्रतेच्या तारखेआधी 13 आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि तो करताना साधारणपणे तुम्ही ऑस्ट्रेलियात असावं लागतं. हे लक्षात न घेता तिकीट काढू नका.

पायरी 3: भारतातलं सगळं सांगा

आपल्या मंडळींचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे. भारतातली पेन्शन, मग ती राज्य सरकारची असो, बँकेची असो की ईपीएफची महिन्याला दीड हजार रुपये असो, उत्पन्न म्हणून सांगावी लागते. भारतातल्या मुदत ठेवी वित्तीय गुंतवणुकीत येतात आणि त्यांवर सरकार ठरावीक दराने उत्पन्न गृहीत धरतं; बँक प्रत्यक्षात किती व्याज देते ते पाहत नाही. तुम्ही राहता ते इथलं घर मालमत्तेत धरत नाहीत, पण ठाण्याचा रिकामा फ्लॅट धरतात. गावची जमीन तीन भावांच्या नावावर असेल तर तुमचा वाटा तेवढा धरायचा. सातबारा, खातेउतारा आणि जमिनीच्या आजच्या बाजारभावाचा साधा अंदाज आधीच जवळ ठेवा. मर्यादेच्या वरच्या प्रत्येक 1,000 डॉलर मालमत्तेमागे पंधरवड्याला 3 डॉलर पेन्शन कमी होते.

"गावच्या जमिनीचं इथे कोणाला कळतंय" असं म्हणणारे भेटतात. कृपा करून त्यांचं ऐकू नका. नंतर निघालं तर जास्तीची दिलेली रक्कम कर्ज म्हणून वसूल करतात, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला सरकारी वसुलीचं पत्र आलं की त्याची झोप उडते. मी असं एक घर जवळून पाहिलं आहे. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. आधी सांगितली असती तर पेन्शनमध्ये फरक किरकोळच पडला असता.

पायरी 4: पंधरवड्याला घ्यायचं की तिमाहीला

एनर्जी सप्लिमेंट पंधरवड्याऐवजी तिमाहीला एकत्र घेता येतं. एकट्या व्यक्तीला तिमाहीला साधारण 91.65 डॉलर. ज्यांचं वीजबिल तिमाहीला येतं त्यांना हा पर्याय मी सुचवते, कारण 14 डॉलर भाजीत विरघळून जातात, नव्वद डॉलर बिलासाठी बाजूला राहतात. पण रोजचा खर्च ओढाताणीने चालत असेल तर पंधरवडाच बरा. बदल हवा असेल तर सांगावा लागतो. तो आपोआप होत नाही.

पायरी 5: भारतात जाण्याआधी 42 दिवस मोजा

ही पायरी नीट वाचा. ऑस्ट्रेलियाबाहेर सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात की एनर्जी सप्लिमेंट थांबतं. त्याच वेळी पेन्शन सप्लिमेंटही उतरून अगदी खालच्या, मूळ पातळीवर येतं. मूळ पेन्शन चालू राहते.

उदाहरण घेऊ. काकू 1 डिसेंबरला निघाल्या. त्यांचे सहा आठवडे 12 जानेवारीला संपले, म्हणजे संक्रांतीच्या दोन दिवस आधी. त्या पाडवा वगैरे करून 30 मार्चला परतल्या. मधले 11 आठवडे एनर्जी सप्लिमेंट नाही: साडेपाच पंधरवडे गुणिले 14.10, म्हणजे 77.55 डॉलर गेले. पेन्शन सप्लिमेंटमधली घट याहून बरीच मोठी. तेवढ्यासाठी नातवाची मुंज चुकवा असं कोणी म्हणणार नाही, पण जाण्याआधी हिशोब माहीत असला की परत आल्यावर खातं बघून छातीत धस्स होत नाही.

तुम्ही देशाबाहेर गेल्याची नोंद इमिग्रेशनकडून सेंटरलिंकला जाते, त्यामुळे लपवण्याचा प्रश्न नाही. तरी निघण्याआधी जाण्या-येण्याच्या तारखा कळवा आणि परत आल्यावर पहिल्याच पेमेंटमध्ये तिन्ही ओळी दिसतात का ते पाहा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सहा आठवडे उलटले की पेन्शनर कन्सेशन कार्डही (पेन्शनवाल्यांना मिळणारं सवलतींचं कार्ड) रद्द होतं. परतल्यावर ते पुन्हा मिळतं. पण वीज कंपनीची सवलत त्या कार्डावर अवलंबून असते. कार्डाची पडताळणी फसली की बिलातली सवलत गळते. परत आल्यावर पहिलं वीजबिल हातात घेऊन सवलतीची ओळ शोधा, नसेल तर त्याच दिवशी कंपनीला फोन करून कार्ड पुन्हा नोंदवा.

सहा महिन्यांहून जास्त राहायचा बेत असेल तर गणित आणखी बदलतं. 26 आठवड्यांनंतर मूळ पेन्शनच तुमच्या इथल्या वास्तव्याच्या प्रमाणात कापली जाते. वय 16 ते पेन्शनचं वय या काळात ऑस्ट्रेलियात किती वर्षं राहिलात ते पाहतात आणि पूर्ण दरासाठी 35 वर्षं लागतात. जी आजी साठाव्या वर्षी कायमची इथे आली आणि सत्तराव्या वर्षी पेन्शनला पात्र झाली, तिची या हिशोबात सातच वर्षं भरतात, 60 ते 67. म्हणजे 26 आठवड्यांनंतर तिला पाचवा हिस्सा मिळणार. म्हातारपणी मुलांकडे आलेल्या आपल्या बहुतेक आई-वडिलांची हीच स्थिती आहे, म्हणून "सहा महिने इथे, सहा महिने तिथे" ठरवताना 26 आठवड्यांची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा.

पायरी 6: जे मागितल्याशिवाय मिळत नाही

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, डायलिसिसचं यंत्र, व्हेंटिलेटर किंवा झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप चालतं का? मग इसेन्शिअल मेडिकल इक्विपमेंट पेमेंट मागा. हेही कार्बनच्या त्याच योजनेतून 1 जुलै 2012 ला सुरू झालं, तेव्हा यंत्रामागे वर्षाला 140 डॉलर होतं आणि महागाईप्रमाणे वाढत गेलं. काही विशिष्ट आजारांत शरीराचं तापमान राखण्यासाठी लागणाऱ्या हीटिंग-कूलिंगलाही ते मिळतं. कन्सेशन कार्ड हवं, यंत्र वैद्यकीय कारणाने घरी लागतं असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं आणि विजेचा खर्च तुमच्याकडे किंवा तुमची देखभाल करणाऱ्याकडे असायला हवा. दोन यंत्रं असतील तर दोन्हींसाठी मागता येतं. सीपॅप लावून झोपणारे किती तरी काका आहेत आणि हा फॉर्म भरलेले फार थोडे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो छापून सोबत न्या. वेगळी अपॉइंटमेंट लागत नाही.

राज्यांच्या सवलती वेगळ्या. व्हिक्टोरियात कार्डधारकाला वीजबिलावर वर्षभर 17.5 टक्के सूट आहे, मात्र वर्षाच्या बिलातले पहिले 171.60 डॉलर त्यातून वगळतात. गॅसवर हिवाळ्यात, मे ते ऑक्टोबर, तेवढीच सूट मिळते. न्यू साउथ वेल्समध्ये घरगुती वीजबिलावर वर्षाला ठरावीक रकमेची सवलत आहे. दोन्हीकडे कार्डाचा क्रमांक वीज कंपनीला द्यावा लागतो. कंपनी बदललीत की पुन्हा द्यावा लागतो, आणि बिल ज्येष्ठांच्या नावावर लागतं. मुलाच्या घरी राहता आणि बिल मुलाच्या नावावर आहे, तर तुमच्या कार्डाचा तिथे उपयोग होत नाही.

पेन्शन नाही, नुसतं सीनिअर्स हेल्थ कार्ड आहे

बचत जास्त म्हणून पेन्शन मिळत नाही, पण कॉमनवेल्थ सीनिअर्स हेल्थ कार्ड (पेन्शन न मिळणाऱ्या ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड) आहे, अशांनी एवढंच पाहायचं: 20 सप्टेंबर 2016 च्या आधीपासून कार्ड सलग आहे का? असेल तर एनर्जी सप्लिमेंट चालू राहतं. त्यानंतर कार्ड घेणाऱ्यांसाठी ते 20 मार्च 2017 पासून बंद आहे. एज पेन्शनवर नव्याने येणाऱ्यांना मात्र ते आजही मिळतं. "आता नवीन लोकांना बंद झालंय" हे वाक्य गप्पांमध्ये सरसकट फिरतं, ते पेन्शनला लावू नका.

फोन करताना

ज्येष्ठांसाठी सेंटरलिंकचा क्रमांक 132 300, आणि इंग्रजीव्यतिरिक्त भाषेत बोलायचं असेल तर 131 202. दुभाष्याचे पैसे लागत नाहीत. भाषा विचारतील तेव्हा "मराठी" असं स्पष्ट सांगा; नुसतं "इंडियन" म्हटलंत तर हिंदीवाला जोडून देतील. आई-बाबांच्या वतीने मुलांना बोलायचं असेल तर आधी त्यांचं नाव प्रतिनिधी म्हणून नोंदवावं लागतं, नाहीतर अर्धा तास थांबून हाती काही लागत नाही. फोन झाला की तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि मिळालेला नोंद क्रमांक पेन्शनच्या फायलीत लिहून ठेवा.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं, मग पर्समधून घडी घातलेलं विमानाचं तिकीट काढलं. निघायची तारीख 1 डिसेंबर. माझ्याच कॅलेंडरवर बोट फिरवत त्यांनी 42 दिवस मोजले, पेन्सिल मागितली आणि पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं, "12 जाने." मग म्हणाल्या, "आणि परत आले की आधी लाइटवाल्यांना फोन. हे तू मला आठवण कर."